दाराबाहेरचा माणूस

रविवारी दुपारी झोंबींची मालिका बघायला सगळी भावंडं ताईकडे जमत. नियम एकच होता, मालिकेतलाच. येणाऱ्यानं बाहेरूनच ओरडायचं, "मी अजून माणूसच आहे!" मगच दार उघडायचं.

आज भांडण जुंपलं होतं ते मालिकेतल्या एका बायकोवरून. दाराबाहेर नवऱ्याचा आवाज आला आणि ते वाक्य न ऐकताच तिनं बेधडक कडी काढली.

"बिनडोक बाई!" धाकटा भाऊ करवादला.

"का रे? नवऱ्याचा आवाज ओळखू येत नाही होय?" ताई म्हणाली. "मीपण उघडलं असतं."

"म्हणजे मेलोच आपण सगळे!" वहिनी हसून हसून लोळायला लागली. नव्या सोफ्यावर बसलेला ताईचा नवराही खो खो हसत होता.

तेवढ्यात दार वाजलं.

"मी अजून माणूसच आहे! उघड गं लवकर, आइस्क्रीम वितळतंय!"

पुन्हा हशा उसळला आणि अर्ध्यावरच विरला. आवाज ताईच्या नवऱ्याचा होता.

"उघडू नकोस," सोफ्यावरून तो हळूच म्हणाला.

कडीवर हात ठेवून ताई आठवू लागली. तो आइस्क्रीम आणायला गेला होता. परतला तेव्हा सोफा आत घ्यायची गडबड चालली होती, दार सताड उघडं होतं, आणि तो रिकाम्या हातांनीच आत आला होता.

त्याला ओरडायला कुणी लावलंच नव्हतं.