चिंचोक्याएवढी चिप

रोह्यात टीव्ही गेम बनवणाऱ्या तमीमला १९९४ साली पेणच्या व्यापाऱ्याने बजावलं, “परदेशी गेम निम्म्यात मिळतोय. तुमच्या कंपनीला तेवढ्यात जमत असेल तरच दिवाळीची ऑर्डर.” तसाच गेम तमीमचा भाऊ अस्लम दुबईहून पोरांसाठी घेऊन आला होता. तमीमने तो कारखान्यातल्या टेबलावर पालथा ठेवून स्क्रू काढले. चिप्स जोडणाऱ्या नमिता आणि पुतळी जवळ आल्या. “स्वस्त हाय म्हणजे आत कचराच असंल,” पुतळी म्हणाली. झाकण निघालं. आत छोट्या पट्टीवर चिंचोक्याएवढी एकच चिप होती. तमीमच्या गेमला चाळीस चिप्स लागत. “बाकीचं कुठं सांडलं?” नमिताने डबा हलवला. “अस्लमभाईला गंडवला गो!” पुतळी हसली. तमीमने वायर टीव्हीला लावली. गेम लगेच सुरू झाला. पुतळीचं हसू थांबलं. नमिताने चिप्स जोडायच्या सोल्डरिंग गनचा प्लग काढला. “तमीमभाई, आता आमी जोडायचं काय?”