टॉससाठी आमदार

आठ मुली उन्हात उकिडव्या बसल्या होत्या आणि सामना अजून सुरूही झाला नव्हता.

"खेळ नाही, तर मुलींना बसवलंय कशाला?" उल्काने विचारलं.

"आमदारसाहेब आत येतील तेव्हा मुली खांबांच्या मध्ये बसलेल्या दिसल्या पाहिजेत म्हणे. फोटो चांगला येतो," सर्जेराव म्हणाले. "त्यांच्या माणसाने बजावलंय तसं."

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आठांत तिची वल्लरी होती. एक गुडघा आधीच दुखावलेला, त्यात हे. फोटोसाठी पोरी भाजायच्या, वा.

कर्वेनगरातलं हे खो-खोचं मैदान म्हणजे तांबडी माती, दोन खांब आणि पत्र्याची एक खोली. उल्का इथेच खेळून मोठी झाली होती. आमदार बेलसऱ्यांना इथे व्यापारी संकुल उभारायचं होतं. उल्का स्वतःच्या नावाने कोर्टात गेली आणि तिने स्थगिती आणली. पण कोर्टाने अट घातली होती. तिच्या बाजूने मैदानावर दंगाधोपा झाला, तर स्थगिती उठणार.

आणि स्पर्धेच्या उद्घाटनाला कोण, तर तेच बेलसरे. ही कल्पना सर्जेरावांची. "आपल्या मनात काही काळंबेरं नाही, हे कोर्टाला दिसू दे ताई," असं ते म्हणाले होते. उल्काला पटलं नव्हतं. पण सर्जेरावांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. मुलींच्या पायात काटा रुतला तर मातीत बसून तो काढणारा प्रशिक्षक. उल्का दर भाऊबीजेला त्यांना ओवाळायची.

अखेर ताशा वाजला. आमदारांच्या गाड्या फाटकाशी थांबल्या नाहीत. सकाळीच आखलेल्या चुन्याच्या रेघांवरून थेट मांडवापर्यंत आल्या.

"पार्किंगची सवय आत्तापासूनच लावताहेत," मागच्या खुर्चीवरचे श्रीधरपंत म्हणाले. पालकांत खसखस पिकली.

बेलसऱ्यांनी नाणं उडवलं, फोटो झाले, तरी मुली बसलेल्याच. मग भाषण. "या मुली उद्या देशासाठी विकेटा काढतील," असं ते म्हणाले, तेव्हा लोकांनी नको तितक्या टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेचनात. साहेबांना वाटलं कौतुक आहे, त्यांनी हात जोडले.

वल्लरीने उठायचा प्रयत्न केला. आमदारांच्या एका कार्यकर्त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"बघताय ना ताई?" सर्जेराव उल्काच्या कानाशी म्हणाले. "किती दिवस गप्प बसायचं? तुम्ही उठलात तर सगळे उठतील."

उल्का उठली. "माझ्या मुलीवरचा हात काढा," ती कडाडली. "आणि आमदारसाहेब, तुम्ही व्यासपीठावरून खाली उतरा. पोरींना खेळू द्या."

मग कोण कोणाला आवरणार? सगळ्या मैदानाने हुर्यो उडवली. शिट्ट्या सुरू झाल्या, पिपाण्या वाजल्या. इतक्या वर्षांची चीड त्या आवाजात होती. उल्काला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तेवढ्यात मागून कुठून तरी एक खुर्ची उडाली, मग दुसरी. मांडव फाटला. मुली रडत खोलीकडे पळाल्या.

बेलसरे शांतपणे तोंड पुसून गाडीत बसले. दोन माणसं सर्जेरावांना दंडाला धरून एका जीपकडे घेऊन गेली. उल्का धावली, पण तोवर जीप निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीत सांगण्यात आलं, "असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. आमदारसाहेबांना विचारा." सर्जेरावांचा फोन बंद होता. वल्लरीने ताटाला हात लावला नाही.

"आई, सरांना मारत असतील का गं?"

उल्काने वकिलांना फोन केला. त्यांनी बजावलं, काही झालं तरी तिकडे जाऊ नका आणि तोंडातून अवाक्षर काढू नका. उल्काने फोन ठेवला आणि पायात चपला घातल्या. मैदानासाठी पुन्हा भांडता येईल. माणसाचं काही बरंवाईट झालं, तर काय करायचं?

बेलसऱ्यांची कचेरी शनिवार पेठेत होती. "या ताई, बसा," ते म्हणाले. रागाचा मागमूस नाही.

"सर्जेरावांना सोडवा," उल्का उभ्यानेच म्हणाली.

"सोडवू की. पण कालचा तमाशा कोणी केला, ते आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. नाहीतर सगळं त्यांच्याच अंगावर यायचं. शंभू, मोबाईल धर."

शंभू नावाच्या पोरसवद्या मदतनिसाने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. आपण काय करतोय, हे उल्काला पुरतं कळत होतं. या माणसासमोर मान तुकवायची, याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पुसलं नाही.

"काल मैदानावर दंगा झाला. तो मी सुरू केला. चिथावणी माझी होती. सर्जेरावांचा यात काडीचा दोष नाही."

"छान," बेलसरे म्हणाले. "जा रे, आत दाखवून आण."

शंभू मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेला. चहा आला. उल्काने त्याकडे पाहिलंही नाही.

"आज घरी येतील ना ते?" तिने विचारलं.

"येतील की. त्यांना कोण अडवणार?" बेलसऱ्यांनी दाराकडे मान वळवली. "काय, जमलं का?"

आतून सर्जेरावांचा आवाज आला, "'मैदान' शब्द नीट आला नाही साहेब. ताईंना परत एकदा म्हणायला सांगा."