पेटीतलं चौथं नाव

दुपारचे दोन वाजले की दुकानातलं नेट बंद पडायचं, आणि केशरबाईंच्या मते त्याला कारण एकच होतं, सून.

"चहाच्या आधी तिला ते यंत्र लागतं," त्यांनी धाकट्या लेकाला, वसंताला, फोनवर सुनावलं. "नवऱ्याचं दुकान बंद पडलं तरी हिचा अभ्यास चालूच. तू ये आन् काय ते बघ."

वसंता औरंगाबादेत संगणक दुरुस्तीचं काम करायचा. गुरुवारी सकाळच्या एसटीनं तो मंठ्याला आला. खाली मच्छिंद्रचं, म्हणजे थोरल्याचं, बियाण्याचं दुकान आणि वर घर. फोनच्या तारेला एक पेटी जोडलेली होती. दुकानातल्या आणि कौसल्याच्या खोलीतल्या संगणकाला तिच्यातूनच नेट मिळायचं.

त्यानं आपला लॅपटॉप पेटीला जोडला आणि थोड्याच वेळात मान वर केली.

"माय, प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. दोघांनी एकच नंबर धरला की दोघंही अडतात. तसंच झालंय."

"मंग कौसल्यानंच दुकानाचा नंबर धरला असंल."

"वैनीचा वेगळा हाये. मीच दिल्ता मागं."

केशरबाईंनी खुर्ची सोडली नाही.

आता हातानं नंबर लिहायचाच नाही, पेटीच सगळ्यांना वाटून देईल, असं वसंतानं ठरवलं. शिवाय प्रत्येक यंत्राला नाव दिलं. दुकान, कौसल्या, वसंता.

"नाव आपल्यासाठी, नंबर पेटीसाठी," तो म्हणाला. "आपण नाव घ्यायचं, नंबर ती हुडकती."

"माझं नाव कुठाय?" मच्छिंद्रनं गल्ल्यावरून विचारलं.

"दुकान तुझ्या बापानं उभं केलं," केशरबाई म्हणाल्या. "तू नुसता गल्ल्यावर बसतूस. बसून नाव लागत न्हाई."

वसंता हसला, आणि मधेच थांबला. पेटीत मागच्या आठ दिवसांची नोंद होती. तिच्यात एक चौथं नाव होतं.

"साळू," त्यानं वाचलं. "हे यंत्र कुणाचं? रोज दोन ते चार. दुकानाचा नंबर ह्यानंच धरलाय."

मच्छिंद्रनं खांदे उडवले. केशरबाईंनी पदर सावरला.

"बघत काय होतं ते?" मच्छिंद्रनं विचारलं.

"एकच पान. बाराखडी गिरवायचं. लहान लेकरांचं असतं तसलं."

घरात लेकरू नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी नव्हतं, आणि ते केशरबाई सुनेला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या.

"झालं तर मंग," त्या म्हणाल्या. "कुणाची तरी पोरगी घरात घेऊन शिकवून राह्यली. दोन ते चार मी आडवी असते. मला काय दिसतं कोण येतं आन् कोण जातं? बोलवा तिला."

कौसल्या हात पुसत खाली आली.

"वैनी, साळू कोण?" वसंतानं विचारलं.

कौसल्यानं आधी सासूकडं पाहिलं. "आत्याबाईंना विचारा."

"मला काय विचारायचं? मला अक्षर तरी येतं का?"



"यंत्र माझंच हाये," कौसल्या शेवटी म्हणाली. "भावाचा जुना लॅपटॉप. नंबर मीच लिहिला, चुकला असंल. एक बाई शिकती माझ्याकडं."

"कोणची बाई?" मच्छिंद्रचा आवाज चढला. "कुणाला विचारून घरात घेतलीस?"



"न्हाई सांगायची ती," केशरबाई म्हणाल्या. "वसंता, दोन्ही नावं काढून टाक. साळू बी आन् कौसल्या बी."

वसंता घुटमळला. कौसल्याला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म नेटवरूनच भरायचा होता आणि शनिवारी शेवटची तारीख होती, हे त्याला ठाऊक होतं. वयाच्या अटीत ती यंदा शेवटचंच बसत होती. फॉर्मला दोन महिन्यांमागं केशरबाईंनीच हो म्हटलं होतं. त्या एवढ्या सहज कशा कबूल झाल्या, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं होतं.

"शनिवारपर्यंत ऱ्हाऊ देऊ, माय. तेवढा फॉर्म जाईल."

"काढ म्हणलं ना."

"मी बाजारातल्या नेट कॅफेत जाऊन भरते," कौसल्या हळूच म्हणाली.

"ह्या घरची सून कॅफेत बसणार न्हाई."

मच्छिंद्र पावती फाडत राहिला. वसंतानं दोन नावं पुसली आणि ज्याचं नाव यादीत असेल त्यालाच नंबर, असं पेटीला सांगून ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. जाताना वहिनीच्या खोलीवरून गेला, पण आत डोकावला नाही.

शुक्रवारी दुपारी दुकानातलं नेट नीट चाललं. शनिवारीही चाललं.

सोमवारी जेवणं झाली. मच्छिंद्र खाली गेला. केशरबाई कौसल्याच्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि पलंगावर बसल्या.

"तारीख गेली, आत्याबाई," कौसल्या म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "शिकवायच्या बदल्यात फॉर्म, असं ठरलं होतं. तुमचं मी कुणाला सांगितलं न्हाई."

"सांगायचं काय बाकी ठेवलंस? माहेरी मला साळू म्हणायचे, हे माझ्या लेकांना बी ठाऊक न्हाई. तुला एकटीला सांगितलं, आन् तू ते त्या यंत्रावर लिहून ठेवलंस. शिकवायची अक्कल हाये तुला, झाकायची न्हाई. असल्या बाईनं बँकेत बसून लोकांचं काय सांभाळायचं?"