सासूबाईंचा आवाज

ती चहा घेऊन खोलीत आली तशी सासूबाईंनी बोलता बोलता फोन उशीखाली सारला.

"कुणाशी बोलत होता?"

"कुणाशी नाही गं. राँग नंबर."

राँग नंबरशी कुणी इतका वेळ बोलतं का? पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढलेल्या बाईला हे विचारायचं कुणी? कमरेचं हाड मोडून सासूबाईंनी पलंग धरला, त्याला आता तिसरं वर्ष. पाय गेले, पण आवाज तसाच खणखणीत राहिला. शब्दन् शब्द सुटा, जणू अजून कुणाला तरी लांबचा फोन जोडून द्यायचाय. पूर्वी ती त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची, आणि सगळ्यांत जास्त हसायच्या त्या सासूबाईच. हल्ली नकला मागे पडल्या होत्या. कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि मधे जो काही वेळ उरेल त्यात लोकांचे पडदे शिवायचे.

चहाचा घोट घेत सासूबाई म्हणाल्या, "आईकडे शेवटची कधी गेली होतीस तू?"

"का? नकोशी झाले का मी?"

"विचारलं आपलं."

काल असंच विचारलं होतं, रात्री कितीदा उठावं लागतं म्हणून. परवा तर तिचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले होते. पोलीस पाहतात तसे.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"केला बरं का मी आमदारबाईंच्या ऑफिसात फोन. त्या म्हाताऱ्यांच्या कायद्यासाठी. तुझ्या सासूबाईंनी अख्खी इमारत कामाला लावलीय. 'आपण बोललो नाही तर त्यांना स्वप्न पडणार आहे का?' म्हणतात. तुला सांगू नको म्हणाल्या, पण माझ्या मेलीच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग आवाज खाली आला. "खरंच गं, माणसानं सोसायचं तरी किती? चार भिंतींत!"

तिच्या दंडावर थोपटून काकू वर गेल्या. ती पिशवी धरून तिथेच उभी राहिली.

म्हाताऱ्यांचा कायदा तिला ठाऊक होता. बातम्यांत एकच गोष्ट घोकत होते, आईबापांची हेळसांड करणाऱ्या मुलासुनांना शिक्षा. त्यात आणखी काय काय आहे ते बघायला तिला कुठली सवड!

आणि हेळसांड झाली होती. एका दुपारी शिवता शिवता तिनं मशीनवर डोकं टेकलं, ते दिवेलागणीलाच उचललं. तोवर सासूबाई ओल्यात पडून होत्या. हाकसुद्धा मारली नव्हती त्यांनी. "झोप लागली होती तुला," एवढंच म्हणाल्या. तिनं मान खाली घालून चादर बदलली. ती मान पुन्हा वर म्हणून आलीच नव्हती. बोटीवर असलेल्या नवऱ्यालाही तिनं त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

आता सगळ्यांना माहीत झालं होतं. इस्त्रीवाल्यानं "आजी कशा आहेत?" विचारलं, तर त्यातही तिला टोमणा ऐकू आला. वाण्याकडे तिनं घाईघाईनं नको ती डाळ उचलली आणि परत करायला गेलीच नाही.

कायद्यावर मतदान होतं त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. तिनं उशीखालचा फोन अलगद ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. स्वतःच्याच घरात चोर! शेवटचा नंबर लावला. घसा खाकरला.

"नमस्कार. मी बोलतेय." शब्दन् शब्द सुटा.

"आजी!" पलीकडची मुलगी खुशीत होती. "वाटच बघत होते. बाई निघाल्यात सभागृहात."

"त्यांना सांगा, माझी काही मागणी नाही. मी ज्यांना फोन करायला लावले, त्यांचंही काही मनावर घेऊ नका."

"अहो, रोज आम्हाला धारेवर धरलंत, आणि आज हे काय?"

"म्हातारीचं डोकं, दुसरं काय. माझी सून माझं सगळं नीट करते."

"ते तर तुम्ही रोजच सांगता."

ती अडखळली. टोमणाच मारत असतील रोज, दुसरं काय! "मग झालं तर. सांगा बाईंना."

"नक्की ना, आजी? बाई आज तुमच्याच घराचं उदाहरण देणार होत्या."

भर सभागृहात! ओली चादर, मशीनवरचं डोकं, सगळं जगापुढे.

"आमचं नाव काढू नका. अजिबात नाही."

पलीकडे कुजबुज झाली. एक दार उघडलं, मिटलं. स्वयंपाकघरातून तिला पलंगाचा कोपरा दिसत होता. सकाळी तिनं वळवून ठेवलेल्या कुशीवरच सासूबाई निजल्या होत्या. तिला एकदम हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

"सांगितलं, आजी. बाई आत गेल्या." मुलीचा आवाज पडला होता. "ते कलम गाळा म्हणून त्यांच्यावर दबाव होताच. तुमच्या जोरावर अडून बसल्या होत्या. आता गाळतीलच. वाईट वाटलं हो. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या बाईला वर्षातून महिनाभर सुटी आणि तेवढे दिवस सरकारची बदली बाई, यासाठी सुनांचे ढीगभर फोन आले आम्हाला. सासूचा तुमचा एकटीचाच होता."