कोवळा ग्रह

"हा काळा पट्टा कायचा?" देवानंदने लेकीच्या मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी ताणला.

वरूडजवळच्या एका बगिच्यात बापलेक सौद्याआधी झाडं पाहत फिरत होते. संत्री अजून हिरवीगार, लिंबाएवढी. पण देवानंदसारखा व्यापारी बगिच्यातला उभा माल विकत घेतो तो अशाच वेळी. फळ पुढे केवढं होईल ते आजच ओळखायचं. देवानंदचा त्यात हातखंडा, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. माणसांचाही अंदाज तो असाच बसल्या बसल्या बांधी. प्रतीक्षाबद्दल तर बोलूनच मोकळा झाला होता. पोरगी हुशार, पण अठ्ठावीस सरलं, आता व्हायचं ते होऊन गेलं. अकोल्याचं स्थळ नाव ठेवण्यासारखं नव्हतं. अट एकच, मुलीनं ग्रह-ताऱ्यांचं संशोधन सोडायचं. होकार आज कळवायचा होता.

बापाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे प्रतीक्षा जाणून होती. म्हणून ती सकाळीच त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आली. आपण काय पाहतो, ते त्याने एकदा पाहावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"मधात तारा हाय, बाबा. त्याच्या भोवताल धुळीचं कडं. या ठिपक्यानं आपल्या वाटेतलं सारं ओढून घेतलं, म्हणून तिथं काळा पट्टा पडला. हा ठिपका म्हणजे ग्रह."

"अजून ओढून राहिला?"

"हो. म्हणून तर चमकून राहिला."

देवानंद झाडाच्या सावलीत उकिडवा बसला. उन्हात फोटो नीट दिसत नव्हता.

"केवढा हाय?"

"आपल्या गुरूहून मोठा."

"अन् होईल केवढा?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे सांग ना."

"भोवतालचं संपत नाही तोवर कोणालेच सांगता येत नाही, बाबा."

असं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं, तर देवानंदने त्याची टर उडवली असती. पण माहीत नसलेली गोष्ट लेक इतक्या खुशीत सांगत होती की तो तिच्याकडे बघतच राहिला. तिचा असा चेहरा त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याला गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

"वय काय त्याचं?"

"पन्नास लाख वर्षं."

"मंग बुढाच झाला की तो."

"बुढा कायचा? आपली पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची हाय. त्याच्यापुढं हे तान्हं लेकरू."

तेवढ्यात देवानंदचा फोन वाजला. स्थळ आणणारे गजेंद्रभाऊ होते. अकोल्याची मंडळी निरोपाची वाट पाहत होती.

"काय सांगू मंग त्यायले?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

देवानंदने लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"नाही म्हणून सांगा, भाऊ," तो म्हणाला. "पोरगी अजून लहान हाय."