रुबा सोडून कुणीही

"चालते बघ कशी! पायात काटा मोडल्यासारखी," उम्म मुंझिर, म्हणजे मुंझिरची आई, म्हणाली आणि कलिंगडाच्या बियांची टरफलं तिने ताटलीत टाकली.

पडद्यावर रुबा वळली, थांबली, हसली. मुंझिरने फोनवरून तिला आणखी एक मत पाठवलं. आईला दिसू नये म्हणून त्याने फोन उशीखाली सरकवला.

गुरुवारची संध्याकाळ. मॉडेलिंगच्या स्पर्धेचा शेवटचा भाग बैरुतहून थेट दाखवत होते आणि अम्मानमधली त्यांची गल्ली सामसूम झाली होती. जन्मात उंच टाचेचा बूट न घातलेल्या बायका या हंगामात घरोघरी परीक्षक होऊन बसल्या होत्या. कुणाचा खांदा वाकडा, कुणाचं हसू खोटं, सगळं त्यांना एका नजरेत कळे. उम्म मुंझिर तर त्यांची म्होरकी.

मुंझिरचा मात्र जीव टांगणीला लागला होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानासमोर औषधाचं दुकान होतं, तिथे रुबा कामाला होती. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती जिंकली तर करारापायी दोन वर्षं पॅरिसला जाणार. हरली तर परत येणार, पण टीव्हीवर मिरवलेली मुलगी आई उंबऱ्याच्या आत घेईल? आजवर त्याच्यासाठी पाहिलेल्या सगळ्या मुली तिने नापास केल्या होत्या. कुणाचं नाक आडवं आलं, कुणाची मावशी. आणि रुबावर तर तिचा पहिल्या भागापासून दात.

तरी तो मतं रुबालाच पाठवत होता. स्वप्न तिचं होतं, त्यात त्याला खोडा घालायचा नव्हता.

"आजी, रुबाच सगळ्यात सुंदर आहे ना गं?" बहिणीची मुलगी जूद म्हणाली.

"कसली सुंदर! झाडूची काडी नुसती. त्या मोरोक्कोच्या पोरीला टाक अजून एक मत."

"तू तर मलाही माकड म्हणतेस."

"आहेसच तू माकड," म्हणत तिने नातीचे मटामट मुके घेतले.

मग स्पर्धक राहत होत्या ते घर दाखवलं. रुबा एकटीच सगळ्यांच्या कपबशा विसळत होती.

"कामसू आहे," मुंझिर हळूच म्हणाला.

"कॅमेऱ्यासमोर सगळ्याच कामसू." पण तिने चष्मा चढवला आणि ती पुढे सरकली. "बाप काय करतो रे हिचा?"

"शिक्षक," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"तुला काय माहीत?"

"मघाशी सांगितलं की टीव्हीवर."

"हं," म्हणून तिने आणखी मूठभर बिया घेतल्या.

निकालाची वेळ आली. सूत्रधाराने पाकीट उघडलं, सगळ्यांचे प्राण कंठाशी आणले आणि नाव घेतलं. मोरोक्कोची मुलगी जिंकली होती. रुबाने तिला घट्ट मिठी मारली. हरलेली रुबा जिंकलेलीपेक्षा मोठ्याने हसत होती.

ती परत येणार! मुंझिरला आनंदाने उडी मारावीशी वाटली. पण त्याच्या आधी आईनेच मारली. ओठांवर हात धरून तिने लांबलचक हर्षनाद केला. लग्नघरातल्या बायकांनाही इतका जमला नसता.

"हरली! हरली एकदाची! देव पावला!"

मुंझिरचा आनंद जागच्या जागी विरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. आकाशपाताळ एक होवो, आजच सांगून टाकायचं.

"यम्मा, मला तुझ्याशी बोलायचंय. रुबाबद्दल."

"थांब रे, आधी एक फोन करू दे." तिने नंबर लावला आणि पदराखालून दिवा आणावा तशा जपलेल्या, हळव्या आवाजात ती बोलू लागली, "अहो विहीणबाई, राहिली हो आपली रुबा इथेच! पुढच्या शुक्रवारी येते मी रीतसर मागणी घालायला. मुंझिरला अजून सांगितलं नाहीये, पण पोरगं माझ्या शब्दाबाहेर नाही."