नवी पाटी

आजीच्या फोटो स्टुडिओत आठवडाभर बापलेकीची जुंपली होती. नातीला कलात्मक फोटोग्राफीची पदवी हवी होती आणि बाप व्यावसायिक अभ्यासक्रमावर अडून बसला होता.

"कला शिकून काय, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढणार?"

"आणि तुमचं शिकून, बाबा? साबणाच्या वड्यांचे?"

पडदा झटकता झटकता आजी लेकावर कडाडली, "मुडद्या, शिकायचंय तिला की तुला? पोरी, तुला आवडेल तेच शीक. याने हूं की चूं केलं तर गाठ माझ्याशी आहे."

एवढी तिखट जिभेची म्हातारी, आणि चक्क आपल्या बाजूने! नात तिच्या गळ्यातच पडली.

"पुरे लाडीगोडी. बाहेर चल, गंमत दाखवते."

बाहेर पेंटर शिडीवरून उतरत होता. 'आजी फोटो स्टुडिओ'च्या पाटीवर आता 'आजी-नात फोटो स्टुडिओ' झालं होतं.

"हात लावू नकोस, ओलं आहे. तू शिकून परत येईपर्यंत वाळेल."

नातीची मान खाली गेली.

आजीने तिला पाटीखाली उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि रोज गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं, "हनुवटी वर. आता हलायचं नाही."